‘तसे लोक दिसतच नाहीत’

यवतमाळात फुटपाथच्या रॅम्पचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: ‘आपल्याकडे व्हीलचेअरवाले दिसतात कुठे?’ मला तो एका कार्यालयात चहा पाजून विचारला गेला. दिसतील कसे? चौक ओलांडून पलीकडे चढता येत नाही म्हणून माणूस घरात बसतो, आणि तो घरात बसलाय म्हणून रॅम्प नको. इथे कुणी पाणी भरताना दिसत नाही, मग विहीर कशाला खोदायची, असाच हा हिशेब.

माझा मावसभाऊ हाताने चालवायची तीनचाकी वापरतो. शिबिरात मिळाली, हार आणि फोटोसकट. ती फुटपाथवर चढत नाही, म्हणून आर्णी रोडला तो ट्रकांच्या सोबतीने जातो. मागून आवाज येतो, ‘साइडनं चाल ना बे!’ साइड आहे कुठे? सायकल वाटायची आणि वाट द्यायची नाही, याला मी मदत म्हणत नाही.

रॅम्प बांधतात तेव्हाही काय बांधतात बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत उतार 1:12 आहे. म्हणजे फुटपाथची कड 15 सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प 180 सेंटीमीटर लांब हवा. आपल्याकडे उरलेला माल कोपऱ्यात थापला की झाला रॅम्प. त्यावर हाताच्या जोरावर चढणारा मागे उलटू शकतो. खाली रस्त्याशी मिळताना दोन बोटांची पायरी सोडली तर पुढचं चाक तिथेच अडकतं. आणि एका बाजूला उतार, समोर तीच उंच कड? मग चढायचं कुठे, भर चौकात थांबायचं? अंध माणसाचं तर कुणाच्या गावीही नसतं. कड सपाट केली की रस्ता कुठे सुरू झाला हे त्याला काठीने कळत नाही. त्यासाठी गोल उंचवट्यांच्या फरशा लागतात.

‘रॅम्प केला की बाइका चढतात’ हे अजून एक. मग मध्ये लोखंडी खांब ठोकतात. अहो, जिथून तीनचाकी जाते तिथून बाइक आरामात जाते! हा प्रश्न खांबाने सुटत नाही, पावती फाडून सुटतो.

यात उपकाराचा भाग शून्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांनी 2005 साली सुरू केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, त्यात सक्तीचा भाग हवा.

तुमच्या वॉर्डात सिमेंट रोडचं काम निघालं असेल तर माल ओला असतानाच जा. वाळल्यावर ‘आता तोडायचं का?’ हे उत्तर तयार असतं. रॅम्प आधीच झाला असेल तर फोनमधलं लेव्हल ॲप उघडा आणि फोन उतारावर ठेवा. 1:12 म्हणजे पाच अंशांहून जरा कमी. पंधरा-वीस दिसले तर स्क्रीनशॉट काढा आणि तक्रारीला जोडा.