किनाऱ्याला घाई चालत नाही

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी व माझे धाकटे बंधू, असे आम्ही दोघे दोन मोटारसायकली घेऊन सुरतेहून निघालो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मालवणपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत पृच्छा झाली, "या वयात हे काय उद्योग?" वर्गातील मुलांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "सर, गाडी किती वेगाने पळवलीत?" पहिला प्रश्न मी हसून टाळला. दुसऱ्याचे उत्तर देणे मला अगत्याचे वाटते; कारण निघताना माझ्याही मनात तोच प्रश्न होता, आणि त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली.

सुरतेहून मुंबईस राष्ट्रीय महामार्ग ४८ ने गेल्यास अर्ध्या दिवसात पोहोचता येते. परंतु त्या वाटेने समुद्राचे दर्शन घडत नाही. म्हणून आम्ही नवसारीपासून पश्चिमेकडे वळून प्रथम दांडी गाठली. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले महात्मा गांधी आपल्या सुरतेवरूनच पुढे जाऊन ५ एप्रिलला येथे पोहोचले. सुमारे ३८५ किलोमीटरांची ही वाट त्यांनी २४ दिवसांत पायी तुडविली. मनात आणले असते तर आगगाडीने ते दुसऱ्याच दिवशी पोहोचले असते. पण मग वाटेवरची गावे जागी झाली नसती. प्रवासाचे सामर्थ्य केवळ मुक्कामास पोहोचण्यात नसते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यांच्या जवळपास तरी दुसरे नाही. दुर्दैवाने दांडीच्या वाळूत उभे असतानाही मी घड्याळाकडेच पाहत होतो!

पुढे उदवाडा, १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेले दमण, घोलवडच्या चिकूच्या बागा आणि चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला, हे सारे आम्ही 'पाहिले'. म्हणजे त्यांच्यासमोरून गेलो. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर वाहने नेणाऱ्या बोटीत गाड्या चढविल्या व मांडव्यास उतरलो. खरे कोकण तेथून सुरू झाले, आणि तेथेच आमच्या घाईची गाठ खाड्यांशी पडली.

सह्याद्री समुद्रापासून फार दूर नाही. त्यामुळे त्याच्या पश्चिम उतारावरील नद्या लांबीने आखूड. पण त्यांच्या मुखांशी भरतीचे पाणी दूरवर आत शिरते आणि रुंद खाड्या बनतात. मुंबई-गोवा महामार्ग आतल्या बाजूने गेला, त्याचे हेही एक कारण. किनाऱ्याने जाणाऱ्यास मात्र आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा ठिकाणी गाडी बंद करून फेरीबोटीची वाट पाहत उभे राहावे लागते. आपले इंजिन कितीही शक्तिमान असो, खाडीपुढे त्याचे काही चालत नाही.

दापोलीहून दाभोळकडे उतरताना समोरची बोट गाठायचीच, असा मी हट्ट धरला. एका वळणावर तांबडी खडी पसरलेली होती. बंधूंची गाडी घसरली. गुडघा सोलवटला आणि हेल्मेटवर बोटभर खोल चरा उमटला. तो चरा पाहून माझ्या अंगावर काटा आला. डोक्यावर हेल्मेट नसते तर तो कोठे उमटला असता, हे सांगावयास नको. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट निघून गेली होती. पुढची तासाभरात आली. एका तासासाठी मी भावाचा जीव पणास लावला होता!

त्या तासात धक्क्यावर एक गृहस्थ भेटले. वृद्ध वडिलांना डॉक्टरांना दाखवून ते पलीकडच्या गावी परतत होते. त्यांनीच पाणी दिले, जखम धुण्यास मदत केली. मी त्यांना म्हणालो, "तुमच्याकडचा हा बोटीचा प्रवास फार सुंदर आहे हो!" ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला सुंदर वाटणारच. पण रात्री शेवटची बोट गेल्यावर आजारी माणूस घेऊन इथे उभे राहा, म्हणजे कळेल. वळसा घालायचा तर चिपळूणच्या बाजूने जावे लागते."

या उत्तराने मी खजील झालो. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे. पूल झाले की प्रवासातील गंमत जाईल, असे म्हणणारे माझ्यासारखे अनेक हौशी प्रवासी आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, आपल्या चार दिवसांच्या गमतीसाठी तेथील माणसाने जन्मभर खोळंबून राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पूल अवश्य व्हावेत. मात्र पूल झाल्यावर आपल्याला थांबविणारे कोणी उरणार नाही. तेव्हा थांबण्याची शिस्त आपणच आपल्याला लावून घेतली पाहिजे. ती न लावता जो किनाऱ्याने जाईल, त्याने समुद्र पाहिला काय आणि महामार्गावरील मैलाचे दगड पाहिले काय, सारखेच!

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना मोटारसायकलचा परवाना मिळण्यास १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतील. तोवर हट्ट धरू नका, एस. टी. व सायकल यांनीही किनारा उत्तम दिसतो. पुढे गाडी हाती येईल तेव्हा अंधारापूर्वी मुक्काम करा, हेल्मेट विसरू नका, आणि वाटेत निदान एका अनोळखी माणसाशी रोज बोला.

दाभोळनंतर आम्ही दिवसाकाठी शंभर किलोमीटरांहून अधिक गेलो नाही. मालवणच्या किनाऱ्यावर गाड्या ठेवून होडीने सिंधुदुर्गावर गेलो. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली १६६४ च्या जानेवारीत, आणि या दुर्गाचे काम सुरू झाले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. सुरतेच्या संपत्तीचा वाटा या तटांत आहे, असे सांगितले जाते. आपल्या शहराचा तो धागा हाताने चाचपीत मी तटावर बराच वेळ बसलो. घड्याळ खोलीवर राहिले होते.

तेव्हा मुलांनो, गाडी किती वेगाने पळवली, हे मला आता आठवत नाही. कोठे कोठे थांबलो, ते विचारा, सगळे सांगेन.