रंगरंगोटी आणि कुलूप

दोन वीकांत काहीच खरडलं नाही. रिलीज होतं. काल ते एकदाचं पार पडलं, त्यामुळे आज सकाळी दुसरा चहा घेऊन निवांत बसलोय आणि एक जुनं भांडण उकरून काढणार आहे. भांडण ब्राउझरवरून आहे. "ब्राउझर काय, कुठला का असेना" असं ज्यांना वाटतं त्यांनीही थांबावं, कारण मला मुख्यतः त्यांच्याशीच भांडायचंय :-)

झालं असं की परवा हापिसात जेवताना एक जण वैतागून म्हणाला, "माझ्या ब्राउझरने परत तोंडावळा बदलला यार. मी अपडेटच बंद करून टाकलं." लगेच टेबलावर तीन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली बरोबर केलंस. दुसरी म्हणाली, कशाला त्रास, सरळ क्रोम घे. तिसरी, म्हणजे आमचा लीड, डब्यातली भेंडी संपवत म्हणाला, "आठवड्यात सवय होते रे." मी गप्प बसलो. एरवी अशा विषयावर मला गप्प करायला दोन माणसं लागतात. पण अपडेट बंद करायचा पराक्रम मी करून बसलोय आणि त्याचं बिल माझ्या बाबांनी भरलंय.

१ जून २०२१ ला फायरफॉक्स ८९ आला. कोरोनाची दुसरी लाट, घरून काम, मी साताऱ्याला आईबाबांकडे. ह्या आवृत्तीत 'प्रोटॉन' नावाचं नवं रूपडं होतं. आधी टॅब खालच्या पानाला चिकटलेले असायचे, फाइलच्या कप्प्याला वर चिठ्ठी असते ना, तसे. आता ते हवेत तरंगणारी बटणं झाले. दोन टॅबमधली रेघ गेली. वरची पट्टी जाडजूड झाली. मेनूतली छोटी चित्रं गेली, नुसते शब्द उरले. आणि कमी जागा खाणारा जो 'कॉम्पॅक्ट' पर्याय होता तो यादीतून गायब. जे आधीपासून तो वापरत होते त्यांच्याकडे राहिला, पण 'सपोर्टेड नाही' असा शिक्का मारून!

मी चार शिव्या घातल्या आणि कामाला लागलो. बाबांचं तसं नव्हतं. बाबा सरकारी हिशेब खात्यातून रिटायर झालेले. ई-पेपर, वीजबिल, बँकेचं खातं आणि यूट्यूबवर नाट्यगीतं, एवढा त्यांचा संसार. पण तो त्यांनी स्वतः, वहीत लिहून घेऊन शिकलेला. वहीत 'प्रिंटरचे चित्र दाबणे' असं लिहिलेलं, आणि मेनूतून चित्रंच गेलेली. "अरे, माझा पेपर बंद झाला का?" हे दिवसातून चारदा. पेपर उघडाच असायचा, पण चालू टॅब कुठला हे त्यांना कळेना.

मग आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. अबाउट:कॉन्फिगमध्ये प्रोटॉन बंद करायचा एक स्विच होता, तो दाबला. जुना चेहरा परत. बाबा खूश. ऑगस्टमध्ये फायरफॉक्स ९१ आला आणि त्यात तो स्विचच काढून टाकलेला. मला इतका राग आला, की मी जुनं ८८ शोधून बसवलं, नवीन प्रोफाइल करून बुकमार्क परत भरले आणि एक पॉलिसी लिहून अपडेट कायमचं बंद केलं. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी मी स्वतःला श्रावणबाळ समजत होतो.

नंतर मी पुण्याला परत आलो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सामील झालो आणि सगळं विसरून गेलो.

आता थोडं तांत्रिक. फायरफॉक्सची ॲड-ऑन्स सही केलेली असतात, आणि ती सही खरी की खोटी हे ब्राउझर आपल्या पोटातल्या एका रूट सर्टिफिकेटवरून ठरवतो. त्यातल्या एका सर्टिफिकेटची मुदत १४ मार्च २०२५ ला संपत होती. मोझिलाने आधीपासून सांगितलं होतं की १२८ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या (किंवा जुनी दीर्घ मुदतीची शाखा असेल तर ११५.१३), नाहीतर ॲड-ऑन्स चालणार नाहीत. ही सूचना वाचायची कोणी? बाबांनी? १४ मार्चला नेमकी धुळवड होती. इकडे आम्ही सोसायटीत रंग खेळत होतो आणि तिकडे साताऱ्यात मी स्वतःच्या हाताने बसवलेला ॲड ब्लॉकर गुपचूप मेला.

आठवड्याभरात बाबांच्या स्क्रीनवर ते लाल पान आलं. भोंगा वाजतोय, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, ह्या नंबरवर फोन करा.' बाबांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता म्हणे, दर वाक्याला 'सर'. स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावलं, मग "बँकेचं खातं सुरक्षित आहे का ते बघू या." आई आतून आली, तिच्या कानावर 'ओटीपी' हा शब्द पडला आणि तिने काही न बोलता भिंतीवरचं बटण बंद केलं. आमच्या घरातली एकमेव सिक्युरिटी इंजिनिअर!

पैसे वाचले. बँकेत जाऊन पासवर्ड वगैरे बदलले. पण त्यानंतर दोन महिने बाबांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. वीजबिल भरायला उन्हात रांगेत उभे राहायचे, अडुसष्टाव्या वर्षी. फोनवर मला म्हणाले, "माझंच चुकलं रे. वय झालं आता, ही भानगड आपल्याला नको." आणि मी तेव्हा "असू दे बाबा" म्हणालो. खरं काय ते सांगायला मला मे महिना उजाडला.

तर, 'अपडेट बंद कर' पार्टीतल्या मित्रांनो, तुम्हाला वाटतं तुम्ही जुना चेहरा जपताय. चेहऱ्याबरोबर तुम्ही जुनी भोकंही जपताय. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी ह्या चित्रांच्या फॉरमॅटच्या लायब्ररीत एक भोक सापडलं. नुसतं एक वाईट हेतूने बनवलेलं चित्र उघडलं की काम तमाम, आणि ते सापडलं तेव्हा हल्लेखोर आधीच वापरत होते. क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांनी एक-दोन दिवसांत ठिगळ लावलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये तसंच एक निघालं, तेही वापरात असलेलं, आणि तेही लगेच बुजवलं. बाबांच्या ८८ मध्ये ह्यातलं एकही ठिगळ आलं नाही. साडेतीन वर्षं काही झालं नाही हे निव्वळ नशीब. "मी कुठे वाईट साइटवर जातो?" हा युक्तिवाद करू नका, बाबाही जात नव्हते. जाहिरात चांगल्या साइटवरच येते.

पण माझा खरा राग दुसरीकडे आहे. बाबांना सुरक्षा नको नव्हती, त्यांना टॅबची रेघ हवी होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? सोसायटीने सांगावं की कुलूप बदलून मिळेल, पण त्याबरोबर तुमच्या घराला आतून आम्हाला आवडेल तो रंग लावू, आणि रंग नको असेल तर कुलूपही नाही! २०११ पासून फायरफॉक्सने (क्रोमच्या पावलावर पाऊल टाकून) भराभर आवृत्त्या काढायला सुरुवात केली, आधी दर सहा आठवड्यांनी, २०२० पासून दर चार. ते चांगलंच झालं, भोकं लवकर बुजतात. पण कुलूप आणि रंग एकाच खोक्यातून यायला लागले आणि लोक खोकंच नाकारायला शिकले. ह्या शिकवणीचा दोष नुसता लोकांवर कसा टाकणार?

डिझाइनवाल्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. दोन चेहरे सांभाळायचे म्हणजे प्रत्येक बदल दोनदा तपासायचा. मी स्वतः ह्या कारणासाठी क्लायंटला नाही म्हटलंय. पण म्हणून जूनमध्ये नवा चेहरा आणि ऑगस्टमध्ये परतीचा स्विच गुल? दहा आठवड्यांत? एवढ्या वेळात तर बाबांची वहीसुद्धा नवीन लिहून झाली नसती.

आणि उपाय त्यांच्याकडे होता हो! २०१२ पासून फायरफॉक्सची एक दीर्घ मुदतीची शाखा असते, ईएसआर नावाची. सुरक्षेची ठिगळं वेळच्या वेळी, बाकी बदल साधारण वर्षातून एकदा. प्रोटॉन आला तेव्हा ७८ ईएसआर चालू होती, जुन्या चेहऱ्यासकट, आणि तिला ऑक्टोबरपर्यंत ठिगळं मिळाली. बाबांच्या मशीनवर ती टाकली असती तर वही नवीन लिहायला चार महिने मिळाले असते, आणि पुढे सगळं आपोआप चालू राहिलं असतं. पण ती मांडलीय कंपन्या आणि शाळा-कॉलेजांसाठी. घरातला म्हातारा माणूस हीसुद्धा एक संस्थाच असते, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. मला ईएसआर माहीत होती, बरं का. पण मला तेव्हा भांडण जिंकायचं होतं.

'क्रोम घे' पार्टीचं मला नवल वाटतं. प्रोटॉनला कंटाळून २०२१ मध्ये आमच्या बॅचमधले दोघं क्रोमवर गेले. २०२३ मध्ये पंधराव्या वाढदिवसाला क्रोमने टॅब, मेनू, रंग सगळं बदललं. जुनं रूप परत आणायचा स्विच तिथेही होता आणि तिथेही तो काही महिन्यांनी काढला. पळसाला पाने तीनच! वर २०२४-२५ मध्ये मॅनिफेस्ट व्ही३ च्या नावाखाली क्रोमने यूब्लॉक ओरिजिन बंद पाडला, आता त्याची 'लाइट' आवृत्ती वापरा म्हणे. टॅबच्या रेघेसाठी घर सोडलं आणि नव्या घरात खिडकीचं गजच काढून नेले.

आणि क्रोम नको तर एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी? बोर्ड वेगळे, भटारखाना एकच. सगळ्यांच्या आत क्रोमियम. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २०२० मध्ये स्वतःचं इंजिन गुंडाळून तेच घेतलं. ॲपलचं वेबकिट सोडलं तर मोठ्या प्रमाणावर वापरात असलेलं वेगळं इंजिन फायरफॉक्सचं गेको, बस्स. एकाच इंजिनचं राज्य आलं की काय होतं हे पाहायला फार मागे जायला नको. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि ७ आला २००६ मध्ये. पाच वर्षं मायक्रोसॉफ्टला घाईच नव्हती, कारण जाणार कुठे लोक? फायरफॉक्स आला तेव्हा कुठे ते हलले. त्या काळासाठी लिहिलेल्या साइट्स आपल्याकडच्या हापिसांनी पुढे कितीतरी वर्षं ओढल्या. आज आमच्या एका क्लायंटच्या टेस्ट शीटमध्ये ब्राउझरचा रकानाच नाही. क्रोम गृहीत. मी विचारलं तर उत्तर आलं, "बाकी कोण वापरतं?" मी वापरतो हो, पण मी एकटाच हात वर केला होता.

बदलायचंच नाही असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचं इंजिन टाकून १५ ही आवृत्ती काढली तेव्हा त्यात चक्क बुकमार्क नव्हते. तेव्हा जे गेले ते बरोबर गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुनी सगळी ॲड-ऑन्स मोडली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मला नुसता वेग दिसला, पण आमचा एक सीनियर अजून त्यातल्या एकाचं श्राद्ध घालतो. त्याच्या हातातलं हत्यार गेलं होतं. हत्यार गेलं तर जरूर जा, आणि जाताना बोंब मारून जा. कोपरे गोल झाले म्हणून जाऊ नका.

मोझिला काही संत नाही. वर्षानुवर्षं तिची बहुतेक कमाई गूगलच्या सर्च करारातून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच खिशातून येत आलीय. ऑगस्ट २०२० मध्ये २५० माणसांना घरी पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी हे टॅब! राग येतोच. पण हा राग मी त्यांच्या बग ट्रॅकरवर काढतो आणि माझ्या मशीनवर चाळीसेक ओळींच्या सीएसएसने रेघा परत आणल्यात. दोन-चार अपडेटनंतर ते मोडतं, मी परत जोडतो. अपडेट मात्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी.

राहिला आमचा लीड. "सवय होते रे." तुला होते, मला होते. आपण दिवसाचे दहा तास ह्याच डबक्यात असतो. ज्याच्याकडे फक्त सवयच आहे त्याची सवय तू काढून घेतलीस तर त्याने उभं कशावर राहायचं? सोमवारी भेंडी खाताना हे त्याला विचारणार आहे.

असो. मे महिन्यात साताऱ्याला गेलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. अपडेट मी बंद केलं होतं, ब्लॉकर त्यामुळे मेला, तुमची चूक नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून वही काढली, नवीन पान उघडलं. मी ईएसआर टाकली, अपडेट चालू केलं, आम्ही दोघांनी मिळून टॅब, फुली, प्रिंट सगळं परत लिहिलं.

"हे परत बदलणार का?" बाबांनी विचारलं.

"हो. साधारण वर्षभराने."

"मग आधी फोन करत जा," ते म्हणाले, आणि पानाच्या वर तारीख घातली.