श्रद्धेला संरक्षण, कामाला सूट नाही

माणसाच्या श्रद्धेवरून त्याची भाकरी हिरावून घ्यावी काय? आंबेडकरी समाज या प्रश्नाचे उत्तर क्षणाचाही विलंब न लावता देईल : नाही, कदापि नाही! जन्मावरून आणि देवळाच्या पायरीवरून पिढ्यान्‌पिढ्या रोजीरोटीला मुकलेला समाज दुसरे उत्तर देणार तरी कसे? पण हाच प्रश्न थोडा फिरवून विचारला की उत्तर तितके सोपे राहत नाही. ज्या कामासाठी पगार घ्यायचा, त्या कामाचा पायाच मला मान्य नाही, असे एखादा शास्त्रज्ञ आपल्या श्रद्धेपोटी म्हणू लागला, तर त्याची नोकरी शाबूत राहावी काय?

असा प्रसंग अमेरिकेत प्रत्यक्ष घडला. मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील वुड्स होल ही सागरविज्ञानाची जगप्रसिद्ध संस्था. मूळचे भारतीय असलेले नॅथॅनिएल अब्राहम २००४ साली तेथे संशोधक म्हणून रुजू झाले. झेब्रा माशावर काम करण्यात त्यांचा हातखंडा होता. काही महिन्यांतच त्यांनी आपल्या वरिष्ठांना सांगितले की, बायबलवर आपली श्रद्धा आहे आणि उत्क्रांती हे वैज्ञानिक सत्य आहे असे आपण मानत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांची नोकरी गेली. आपल्यावर धार्मिक भेदभाव झाला, असे म्हणत त्यांनी आधी राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे दाद मागितली आणि २००७ साली पाच लाख डॉलरच्या भरपाईसाठी न्यायालय गाठले. आयोगाने त्यांची तक्रार मान्य केली नाही. न्यायालयाने दावा मुदतीबाहेर दाखल झाला म्हणून तो फेटाळला आणि २००९ साली अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. म्हणजे श्रद्धा आणि नोकरी यांतले खरे कोडे न्यायालयात सुटलेच नाही. ते आपल्यालाच सोडवावे लागेल.

यात काम कोणते होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. माशावर प्रयोग करून माणसाविषयी काही शिकता येते, ते कशाच्या जोरावर? माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रा माशात जोडीदार जनुक सापडतो. दोघांचे दूरचे पूर्वज एकच होते, हे त्याचे कारण. हा धागा तोडला की मासा हा नुसता मासा उरतो. संस्थेचे म्हणणे असे होते की, ज्या अनुदानावर त्यांना नेमले त्या संशोधनात उत्क्रांतीचा विचार अटळ होता आणि नेमका तोच भाग त्यांना करायचा नव्हता. अब्राहम यांचे म्हणणे वेगळे होते. गरज पडेल तेथे उत्क्रांतीची चर्चा एक सिद्धांत म्हणून करायला आपण तयार होतो, असे ते सांगत. संस्थेचे म्हणणे खरे धरले, तर त्यांना काढले ते देवाला मानतात म्हणून नव्हे, तर नेमून दिलेले काम नाकारले म्हणून. मोटार चालवणार नाही असे म्हणणाऱ्याला चालकाच्या जागेवर कोण ठेवील?

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. २००७ सालीच केंटकी विद्यापीठाला आपल्या वेधशाळेसाठी संचालक हवा होता. मार्टिन गास्केल हे खगोलशास्त्रज्ञ त्या जागेचे तगडे उमेदवार होते. पण बायबल आणि खगोलशास्त्र यांवर त्यांनी दिलेली व्याख्याने कोणीतरी शोधून काढली. निवड समितीच्या ई-मेलमधून त्यांच्या धर्माची कुजबुज सुरू झाली आणि जागा दुसऱ्याला गेली. निव्वळ धर्मामुळेच हा माणूस डावलला जात आहे, असे समितीच्या अध्यक्षांनीच लिहून ठेवले होते. अखेर जानेवारी २०११ मध्ये चूक कबूल न करता विद्यापीठाने १ लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. गास्केल यांनी दुर्बीण वापरायला नकार दिला नव्हता. ताऱ्यांचे वय पोथीतून मोजले नव्हते. त्यांच्या कामात खोट नव्हती, फक्त त्यांच्या मनात काय आहे याची लोकांना भीती वाटली. हा अन्याय होता. तो एका सश्रद्ध ख्रिस्ती माणसावर झाला म्हणून बुद्धिवाद्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

दोन्ही प्रकरणांत ज्या कायद्याचा आधार घेतला गेला तो १९६४ चा नागरी हक्क कायदा. कृष्णवर्णीयांनी रक्त सांडून, तुरुंग भरून तो मिळवला. त्यातल्या एकाच कलमात वंश आणि धर्म शेजारी शेजारी आहेत. मालकावर अवाजवी भार पडत नसेल तर कामगाराच्या धार्मिक गरजेसाठी सोय करावी, असेही तो कायदा सांगतो आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी मालकांसाठी अधिक कडक केली. आपल्याकडे अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत धर्म आणि जातीवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई केली. पण खासगी नोकरीला लागू होणारा असा सर्वंकष कायदा आपल्या देशात आजही नाही. वंचितांच्या लढ्याने मिळवलेली छत्री सर्वांच्या डोक्यावर येते, हे अमेरिकेत दिसते. आपल्या राज्यकर्त्यांना ते केव्हा दिसणार?

मग कसोटी कोणती? आमच्या मते ती एकच आहे : मनात काय आहे ते विचारू नका, टेबलावर काय आहे ते तपासा. श्रद्धा कामाच्या आड येत नसेल तर नोकरीला हात लावू नका. ती कामाच्या आड येत असेल तर श्रद्धेची ढाल करून पगार मागू नका. ही कसोटी बहुसंख्याकांना एक आणि अल्पसंख्याकांना दुसरी, अशी लावता येणार नाही. प्रक्षेपणाआधी यानाची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या देवापुढे ठेवणारे इस्रोचे प्रमुख देशाने पाहिले आहेत. त्यावरून कोणाची नोकरी गेली नाही आणि जायलाही नको, कारण यानाचे गणित देवळात केलेले नसते. पण त्याच न्यायाने, कार्यालयातल्या पूजेला जो हात जोडणार नाही, त्याच्याकडेही कोणी वाकड्या नजरेने पाहता कामा नये.

तसे होते काय? नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतील प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, तर त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवण्यात आली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग आहे. वर्गातल्या त्याच्या शिकवण्यात काही उणे होते म्हणून हे घडले नव्हते. शाळेने मोजले ते त्याचे जोडलेले हात!

आणि कामच नाकारणाऱ्यांचे काय? ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्याच औरंगाबादेत जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातील शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, असे जाहीर केले. देशातल्या विज्ञान अकादमींनी निषेध केला. मंत्र्यांची खुर्ची हलली नाही. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. अमेरिकेत एका कंत्राटी संशोधकाला कामाचा हिशेब द्यावा लागला. आपल्याकडे वैज्ञानिक दृष्टिकोन हे ज्या राज्यघटनेने १९७६ पासून नागरिकाचे कर्तव्य ठरवले, तिची शपथ घेणाऱ्याला हिशेब कोणी विचारला?

शेवटी पुण्यातले २०१७ चे प्रकरण आठवा. हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसात तक्रार दिली. जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला आणि आपले सोवळे मोडले, हा त्यांचा आरोप! टीका झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. सोवळे पाळल्याने पावसाचा अंदाज चुकत नाही, म्हणून आमच्याच कसोटीने बाईंच्या सरकारी नोकरीला धक्का लागायचे कारण नव्हते. पण त्या स्वयंपाकीणबाईंचे काय? त्यांच्या कामात तरी कोणती खोट होती? अन्न तर सर्वांनी खाल्ले होते! शास्त्रज्ञाच्या श्रद्धेला घटनेचे कवच, नोकरीला सेवानियमांचे कवच. आणि त्या श्रद्धेपायी जिची चूल विझते, तिला कवच कोणते? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळही आहे, पण उद्या कामावर घेतीलच याची हमी नाही.

म्हणून श्रद्धा आणि नोकरीची चर्चा फक्त शास्त्रज्ञाच्या खुर्चीपाशी थांबवता येणार नाही. कोणाच्या श्रद्धेची किंमत कोणाच्या पोटाला मोजावी लागते, हे पाहावेच लागेल. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण बाबासाहेबांनी आपल्या हाती दिली. ती प्रयोगशाळेला जितकी लागू आहे तितकीच स्वयंपाकघराला. श्रद्धा ज्याची त्याने जपावी. काम मात्र सर्वांचे एकाच तराजूत तोलले गेले पाहिजे, आणि तो तराजू धरणारा हात जातीचा असता कामा नये.