सहा महिने कशाला थांबायचं?

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे, की विजेच्या मीटरसाठी अर्ज करतानाच बाई म्हणते, दिवाळीपर्यंत लागलं तरी पुष्कळ! मला राग येतो तो या समजूतदारपणाचा. कारण कायदा सहा महिने म्हणतच नाही.

वीज कायदा 2003 सालचा. त्याचं कलम 43 सांगतं, की जागेचा मालक किंवा तिथे राहणारा अर्ज करील, तर महिन्याच्या आत वीज द्या. नाही दिली तर कंपनीला दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढे केंद्र सरकारने 2020 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले आणि 2024 मध्ये मुदत आणखी कमी केली. महानगरात 3 दिवस, नगरपालिकेच्या गावात 7, खेड्यात 15 आणि डोंगराळ खेड्यात 30. नवीन खांब, तारा लागणार असतील तर जास्त वेळ मिळतो, पण त्यालाही मुदत असतेच. आमचं फुलसावंगी ग्रामपंचायतीचं गाव. म्हणजे मोजायचे ते दिवस, महिने नव्हेत.

मग घोडं अडतं कुठे? पावतीपाशी! 'साहेब नाहीत, कागद ठेवून जा' असं कुणी म्हटलं, की आपण कागद ठेवून येतो. पण मुदत सुरू होते ती पूर्ण अर्जाची नोंद होऊन त्याचा क्रमांक मिळाल्यावर. टेबलाच्या खणात पडलेल्या कागदाला ना तारीख, ना क्रमांक. मग उशीर झाला हे सिद्ध कसं करणार? आज हा कागद आणा, परवा तो आणा, हेही नेहमीचंच. खरं तर 10 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला दोनच पुरावे लागतात. एक ओळखीचा, दुसरा जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा. घरचा मीटर, शिलाई मशीन, लहानशी चक्की, सगळं त्यात बसतं.

'मालकीचा किंवा ताब्याचा' यातला 'किंवा' आपल्यासाठी लाखमोलाचा आहे, मैत्रिणींनो. घर सासऱ्यांच्या नावावर, नाहीतर दिराच्या. नवरा गेलेली किंवा टाकून दिलेली बाई त्याच घरात वेगळी चूल मांडते, पण मीटर मागायला लाजते. मग जावेकडून वायर ओढायची अन् तिची मर्जी सांभाळायची. जावेशी भांडण झालं, की ऐन परीक्षेत पोरांच्या डोक्यावर अंधार! आकडा टाकला तर गुन्हा. त्यापेक्षा 'मी इथे राहते' म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा. विजेचं बिल रहिवासाचा पुरावा म्हणूनही चालतं. कितीतरी बायकांच्या नावाचा घरातला तो पहिलाच कागद असेल.

एकेका लाईनमनवर किती गावांचा भार असतो, ते मला दिसतं. त्याच्याशी भांडून काय होणार? जाब कार्यालयाला विचारायला हवा. माझं म्हणणं असं, की प्रत्येक वीज कार्यालयात प्रलंबित अर्जांची यादी तारखेसकट भिंतीवर लागावी. उशिराची भरपाई पहिल्या बिलातच वजा व्हावी. बुडालेल्या मजुरीची भरपाई मागायला आणखी मजुरी बुडवायची, हा कुठला न्याय?

तोवर आपण एवढं करू. अर्जाचा क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही. डिमांड भरली की पावती जपायची. मुदत टळली की लेखी तक्रार करायची आणि तिचीही पोच घ्यायची. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. वकील लावावाच लागतो असं नाही. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. एकटीला 'उद्या या' म्हणणं सोपं असतं, दहाजणींना नसतं.