केडगावची बादली

२९ जून १९०५ ची पहाट. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात सगळ्या निजल्या होत्या. एका तरुण मुलीला आपले अंग पेटल्यासारखे वाटू लागले. शेजारी झोपलेलीला जाग आली, तिला मैत्रीण ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती तशीच उठून खोलीच्या पलीकडच्या टोकाला धावली, पाण्याने भरलेली बादली उचलून घेऊन आली आणि आता ओतणार, तोच तिच्या लक्षात आले की ही जळत नाही. तासाभरात आवारातल्या बहुतेक मुली तिथे जमल्या. कोणी रडत होती, कोणी आपली पापे कबूल करत होती, कोणी मोठ्याने प्रार्थना करत होती. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी हा प्रसंग पुढल्याच वर्षी आपल्या पुस्तिकेत लिहिला.

दर पेंटेकॉस्टला आमच्या मंडळ्यांमधून त्या अग्नीची आठवण निघते. बादलीविषयी सहसा कोणी बोलत नाही. बोललेच तर उपदेशात हशा मिळवण्यापुरते. आज त्या बादलीपासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण पाणी आणि अग्नी यांचे नाते काय, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात अजून मिटलेला नाही.

तो प्रश्न कसा विचारला जातो, हे वाचकांना माहीत आहे. कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जावे, चहा होतो, आणि नव्याने ‘तारण पावलेला’ एखादा बंधू डोळ्यांत रोखून पाहत विचारतो, “पाण्याचा झाला हो, पण आत्म्याचा बाप्तिस्मा झाला का?” विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या एका ‘पण’मध्ये साठ वर्षे रविवार न चुकवलेली आजी खालच्या पायरीवर जाऊन बसते. उलट बाजूनेही तेच. जुन्या मंडळीतले वडीलधारे हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या पोरांकडे पाहून नाक मुरडतात आणि म्हणतात, “हे खूळ चार दिवसांचे.” एक पक्ष पाण्याला कमी लेखतो, दुसरा बादली घेऊन धावतो.

आणि पवित्र शास्त्र? ते या भांडणात कोणाचीच सोय पाहत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला. शोमरोनात लोकांनी आधी पाण्याचा बाप्तिस्मा घेतला, आत्मा नंतर उतरला, तोही पेत्र आणि योहान यांनी हात ठेवल्यावर. कैसरियात कर्नेल्याच्या घरी नेमके उलटे झाले. पेत्राचे बोलणे संपलेही नव्हते, तोच त्या परराष्ट्रीय घरावर आत्मा उतरला, आणि आता यांना पाणी नाकारणार कोण, असे खुद्द पेत्रालाच म्हणावे लागले. वाटेवर रथात बसलेल्या इथिओपी अधिकाऱ्याला तर पाणी दिसले म्हणून बाप्तिस्मा मिळाला. लूक हा क्रम नीटनेटका करून देत नाही. त्याला ते सहज जमले असते. चांगला लेखक होता तो. त्याने ते केले नाही, यातच मला त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

मराठी मातीत हा विस्कळीत क्रम एका आयुष्यात पाहायचा तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आणि अडीच वर्षांच्या मनोरमेने एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. (प्रौढांचा की बालकांचा, हा वाद घालणाऱ्यांनी त्या दिवशीचे ते पाणी आठवावे. त्यात दोन्ही होते.) महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारी ब्राह्मण विधवा ख्रिस्ती झाली, हे पचवणे पुण्याला जड गेले. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हे मात्र आपण क्वचितच सांगतो.

गहजब बाहेर होता, तसा आतही होता. बाप्तिस्मा घेऊन ही विदुषी आता मुकाट्याने ऐकेल, अशी वाँटेजच्या मठातल्या भगिनींची अपेक्षा असावी. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घातला, मांसच काय पण अंडेही खायला नकार दिला, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मान दुसऱ्या जोखडाखाली देणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले. बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचे मरण, हे पौलाचे म्हणणे त्यांना मान्य होते. बुद्धीचे मरण त्यांना मान्य नव्हते.

आणि मग ही बाई १९०७ साली, आपल्या साक्षीच्या पुस्तकात, ज्यासाठी एवढे सोसले त्याच बाप्तिस्म्याविषयी काय लिहिते? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना कळून चुकले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचून त्यांना हे उमगले. तो गृहस्थ स्वतः उपदेश करता करता आपल्याच मंचावर पालटला होता. अशी कबुली द्यायला किती मोठे मन लागते! घरदार, जात, समाज सगळे पणाला लावून घेतलेली गोष्ट अर्धी होती, असे चारचौघांत सांगायचे.

मग १८८३ चे ते पाणी वाया गेले का? मला तसे म्हणवत नाही. मधल्या काळात, ११ मार्च १८८९ रोजी, त्याच ‘अर्ध्या’ बाईने मुंबईत शारदा सदन काढले. विधवांच्या डोक्यावर छप्पर आले, हातात पुस्तक आले. पाण्याने त्यांना एका घराच्या उंबरठ्याच्या आत आणले होते. त्या घरात राहतो कोण, हे कळायला आठ वर्षे लागली. कित्येकांना त्याहून जास्त लागतात, आणि आपण पहिल्या रविवारीच हजेरी घेतो.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची वर्षानुवर्षे परवड झाली. पाण्याची किंमत त्या घराने पुरती मोजली. तरी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, याच टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तेव्हा ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा न झालेल्या शिष्यांनाही त्यात जागा ठेवली. ही ढिलाई नव्हे. ज्याने दाराची किंमत मोजली आहे, त्यालाच दार थोडे उघडे ठेवण्याचा अधिकार असतो.

मंडळ्यांनीही हा गुंता कधी कधी शहाणपणाने सोडवला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे अँग्लिकन होते, तसे फक्त विश्वास ठेवणाऱ्या प्रौढांनाच पाण्यात उतरवणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेद्रनही होते. शतकांचे भांडण. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. कोणी आपले मूल पाण्याजवळ आणावे, कोणी ते मोठे होऊन स्वतः येईपर्यंत थांबावे. रोमन कॅथलिक परंपरेत तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याला पुढे दृढीकरण संस्काराची जोड मिळते, आणि आत्म्याची सात दाने तिथे आठवली जातात. पाण्याला आणि आत्म्याला एकमेकांवाचून करमत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. घाई फक्त आपल्याला आहे.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. पौलाने करिंथकरांना लिहिले की यहूदी असो वा हेल्लेणी, दास असो वा स्वतंत्र, एकाच आत्म्याने आपल्या सर्वांचा एका शरीरात बाप्तिस्मा झाला. कृपादानांची चर्चा त्याने या वाक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवली आहे. नगर जिल्ह्यातल्या ज्या हजारो महार-मांग कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकापासून मिशनच्या विहिरीवर पाणी भरले आणि मंडळीत बाप्तिस्मा घेतला, त्यांनी हे वाक्य शब्दशः खरे मानले होते. राज्याने त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद वेगळ्या खात्यावर ठेवली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्याची तक्रार आपण करतो, आणि ती योग्यच आहे. पण आपल्याच मंडळीत सोयरीक जुळवताना मूळची जात हळूच विचारली जाते, तेव्हा आत्म्याने भरलेले कोणते तोंड उघडते? अन्य भाषा बोलणारे पुष्कळ भेटतात. या प्रश्नाचे उत्तर मराठीत देणारे कमी.

कृपादानांची यादी तरी आपण पुरी वाचतो का, अशी मला शंका आहे. आरोग्य, चमत्कार, संदेश, भाषा ही नावे मंडपावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत झळकतात. पौलाने त्याच यादीत साहाय्य आणि कारभार ही दानेही घातली आहेत. कारभाराच्या दानासाठी कोणी उपवास-प्रार्थनेची सभा भरवल्याचे मी ऐकले नाही. मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि मालमत्तांचे दावे पाहिले, तर तिथे या दानाची वानवा किती, ते कळते. शिमोन जादूगाराने आत्म्याचे दान पैसे देऊन विकत मागितले, तेव्हा पेत्र संतापला होता. आज मंचावरून देणगीची पाकिटे फिरतात, आणि संतापणारा पेत्र सभेला बोलावलेला नसतो.

केडगावला त्या पहाटेनंतर काय झाले, हे म्हणून पाहण्यासारखे आहे. तो अनुभव कोणाला वेड वाटला, कोणाला उन्माद. मिशनरी वर्तुळांतही कुजबुज झाली. पुढे तिथे अन्य भाषांतली प्रार्थनाही ऐकू आली, पण हीच एक खूण, ती नसेल तर आत्मा नाही, असा हट्ट रमाबाईंनी धरला नाही. प्रीतीची खूण त्यांना पुरेशी वाटली. मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांतून सुवार्ता सांगत फिरल्या. एब्रम्सबाईंची पुस्तिका त्यांच्या एका वर्गमैत्रिणीच्या हाती पार चिलीतल्या वाल्पराइसोला पोचली आणि १९०९ साली तिथे जे पेटले, त्यातून त्या देशातले पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे काम उभे राहिले. दौंडजवळच्या एका माळावरून!

आणि स्वतः रमाबाई? त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. पवित्र शास्त्राचे भाषांतर असे हवे की खेड्यातल्या, जेमतेम अक्षर ओळखणाऱ्या बाईला ते कळावे, हा त्यांचा ध्यास. ज्या पंडितेची जिभेवरची संस्कृत ऐकून कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ म्हटले, तिने ती संस्कृत बाजूला ठेवली. छापखाना मुक्तीचा, काम मुलींच्या हातचे. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ बाहेर आला १९२४ साली. यरुशलेमेत पेंटेकॉस्टच्या दिवशी पार्थी, मेदी, अरब अशा प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले होते. चमत्कार बोलणाऱ्यांच्या तोंडात होता तितकाच ऐकणाऱ्यांच्या कानात होता. केडगावला तो चमत्कार व्हायला जवळजवळ वीस वर्षांची खटपट, व्याकरणाची पुस्तके आणि शिशाचे खिळे लागले.

राहता राहिली ती बादलीवाली मुलगी. तिचे नाव काय, ती कुठल्या दुष्काळातून आली होती, पुढे तिलाही तो अग्नी लाभला का? मुक्तीतल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, भरलेल्या बादलीचे मोल त्यांना शिकवावे लागत नव्हते. अर्ध्या झोपेत, अंधारात, निजलेल्यांच्या रांगा ओलांडत ती दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली आणि पाणी घेऊन परत आली. मैत्रीण जळते आहे, एवढेच तिला दिसले होते. पौलाच्या यादीत ‘साहाय्य’ हा शब्द वाचताना मला तिचे ओले हात दिसतात.