हाती आलेला कागद

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आमच्या शहापूरच्या कचेरीत आले आणि एका सरकारी पत्राची छायाप्रत टेबलावर ठेवून म्हणाले, "संपादकसाहेब, इतकी वर्षे तुम्ही लिहीत आलात ते खरे निघाले. उद्याच्या अंकात पहिल्या पानावर येऊ द्या." पत्र आम्ही वाचले. ज्या गोष्टीचा संशय आम्ही या स्तंभातून वारंवार बोलून दाखविला, तीच त्यात सरकारी भाषेत लिहिलेली होती. आम्हांस आनंद झाला नाही असे म्हणणे ढोंगीपणाचे ठरेल. तरीही ते पत्र आम्ही छापले नाही. "संपादक भ्याले काय?" असा प्रश्न आता पेठेत विचारला जात आहे. त्यास जाहीर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पत्रकारांचा जुना संशय परक्या वकिलातीच्या कागदांनी खरा ठरवावा, असा प्रसंग या देशात २०११ साली आला. त्या वर्षी १५ मार्चपासून 'द हिंदू' या दैनिकाने अमेरिकन वकिलातींनी वॉशिंग्टनला धाडलेल्या तारा छापण्यास प्रारंभ केला. विकिलीक्सकडून अशा ५,१०० तारा त्यास मिळाल्या होत्या. २००६ च्या जानेवारीत मणिशंकर अय्यर यांच्याकडील पेट्रोलियम खाते काढून ते मुंबईच्या मुरली देवरा यांस देण्यात आले, तेव्हाच कित्येकांनी शंका घेतली होती की, इराणचा वायू पाकिस्तानमार्गे आणण्याचा अय्यर यांचा आग्रह अमेरिकेस रुचला नाही, त्याचेच हे फळ होय. पाच वर्षांनी राजदूत मल्फर्ड यांची तार उघडी पडली. तीत या फेरबदलाबद्दलचे समाधान स्पष्ट दिसत होते. "आम्ही सांगत नव्हतो काय?" असे अनेक लेखण्यांस त्या दिवशी वाटले असेल, आणि ते स्वाभाविक होते.

परंतु त्या तारेने सिद्ध काय झाले? राजदूतास बदल आवडला, एवढे निःसंशय सिद्ध झाले. पंतप्रधानांनी तो अमेरिकेच्या सांगण्यावरून केला, हे मात्र त्या तारेने सिद्ध होत नाही. आमचे शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते आणि पलीकडे बेळगावात इंग्रजांची छावणी होती. संस्थानांवर नजर ठेवून वरिष्ठांस गुप्त टिपणे पाठविणारा गोरा साहेब आमच्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. असा साहेब पाहतो ते लिहितो, ऐकतो तेही लिहितो, आणि वरिष्ठांस गोड लागेल तेही लिहितो. १७ जुलै २००८ च्या दुसऱ्या एका तारेत, विश्वासदर्शक ठरावापूर्वी खासदारांच्या मतांसाठी जमविलेल्या रोकडीच्या पेट्या वकिलातीच्या माणसास दाखविण्यात आल्याचे लिहिले होते. संबंधितांनी इन्कार केला. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही १८ मार्च २०११ रोजी संसदेत या तारेच्या खरेपणाची ग्वाही देण्यास नकार दिला. हा बचाव आम्हांस लंगडा वाटतो. त्या तारा फोडल्याबद्दल चेल्सी मॅनिंग यांस अमेरिकन लष्करी न्यायालयाने २०१३ साली ३५ वर्षांची शिक्षा ठोठावली. बनावट कागदांसाठी कोणी एवढी शिक्षा देत नाही. तारा खऱ्याच होत्या. पण तार खरी असणे निराळे आणि तारेत लिहिलेली प्रत्येक गोष्ट घडलेली असणे निराळे. पहिल्यावरून दुसऱ्याची चौकशी सुरू व्हावी; चौकशी संपली असे मात्र मानू नये.

तेथे निदान कागद तरी खरे होते. कागदच खोटे असले म्हणजे काय होते, याचा धडा आमच्याच प्रांतात, शेजारच्या कोल्हापूरच्या प्रकरणात मिळाला आहे. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे, असा संशय लोकांत पसरलेला होता. त्यास पुष्टी देणारी काही पत्रे हाती आली आणि त्यांच्या आधारे 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर जबर आरोप केले. पत्रे बनावट निघाली. टिळक व आगरकर यांनी बर्व्यांची क्षमा मागितली. तथापि १८८२ साली दोघांस चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. म्हणजे लोकांची चिंता निराधार नव्हती. पण न्यायासनापुढे महाराजांचे हाल बाजूस राहिले आणि निकाल लागला तो पत्रांचा! टिळक-आगरकरांसारख्या बुद्धिमंतांची फसगत झाली. कारण जे खरे असावे असे मनाला आधीच वाटत असते, त्याची परीक्षा करण्याचे मन विसरते.

आता आमच्या टेबलावरील पत्राकडे वळू. त्यावर जावक क्रमांक नाही, दिनांक पुसट आहे, सहीखाली हुद्दा नाही. मजकूर मात्र आमच्या अग्रलेखांशी शब्दशः जुळतो, आणि हीच गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक खटकली. ते खोटेच आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते छापून उद्या खोटे ठरले, तर आजवर आम्ही लिहिलेले शंभर खरे लेखही त्याबरोबर खोट्यात जमा होतील. त्याची किंमत संपादकापेक्षा, ज्यांचे गाऱ्हाणे आम्ही मांडतो त्या साध्या माणसांस अधिक मोजावी लागेल.

संशय बोलून दाखविण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. पूर्वी तो संशय म्हणून लिहिला, पुढेही तसाच लिहू. दरम्यान, संबंधित कचेरीच्या जावक नोंदवहीचा उतारा आम्ही माहिती अधिकार कायद्याखाली मागितला आहे. कायद्याने उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आले तर ते छापू. न आले तर तेही छापू. आणि पत्र बनावट ठरले तर तेही पहिल्याच पानावर छापू. ज्या गृहस्थांनी ते आणले, त्यांस आमची विनंती एवढीच की, ते कोठून मिळाले हे त्यांनी आम्हांस एकांतात सांगावे. त्यांचे नाव आमच्या तोंडून बाहेर पडणार नाही.