सहीपूर्वीचा हिशेब

घर विक्रीला काढायचे ठरले की आपल्या कुटुंबांत तयारीची एकच धांदल उडते. फुटकी कौले बदलली जातात, भिंतींना चुना लागतो, विहिरीतला गाळ उपसला जातो, माळ्यावरची जुनी पिंपे आणि पेट्या भंगारवाल्याच्या गाडीत जातात. दलाल सांगेल ते सारे आपण निमूटपणे करतो. कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना घर नीटनेटके दिसले पाहिजे. अखेरीस आल्तारावरच्या तसबिरी कापडात गुंडाळल्या जातात आणि घर तयार झाले, असे आपण म्हणतो. माझे म्हणणे असे की, ज्या घरातील आईला व बहिणींना त्यांचा वाटा किती हे कुणी सांगितलेले नाही, ते घर विक्रीस तयार झालेलेच नसते. मग रंगरंगोटी कितीही होवो.

या तयारीतील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे काम म्हणजे हक्कसोडपत्र. खरेदीदाराचा वकील सात-बारा किंवा मिळकत पत्रिका पाहतो, जुने दस्तऐवज तपासतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि वारसांची यादी मागतो. त्या यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींची नावे निघतात. वर्षानुवर्षे ज्यांना घराच्या कारभारात कुणी विचारले नाही, त्यांची आठवण अशी अवचित होते. "बाय, एक सही हवी आहे, कागद पुरा करायचा आहे," एवढेच सांगितले जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही; परतताना हॉटेलातले जेवण आणि एखादी साडी. काय सोडले, किती सोडले, कुणाच्या नावे सोडले, हे त्या बहिणीला बहुधा ठाऊकच नसते. याला आपण प्रेमाने केलेला त्याग म्हणतो. वाचकहो, जे आपले आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याने त्याग केला असे कसे म्हणावे?

वडिलोपार्जित घर मुलग्यांचे, असा समज आपल्यात अजून घर करून आहे. तो रूढीतून आला असेल. कायद्यातून आलेला नाही. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या विधवेला एक तृतीयांश आणि उरलेला दोन तृतीयांश भाग मुलांना समान मिळतो. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. विवाहित आणि अविवाहित असाही नाही. मुलगी आधीच वारली असेल, तर तिचा वाटा तिच्या लेकरांना जातो.

हिशेब अवघड नाही. समजा, घर ६० लाख रुपयांना विकले गेले आणि मागे आई, दोन मुलगे व दोन मुली आहेत. आईचे २० लाख. उरलेल्या ४० लाखांचे चार समान वाटे, म्हणजे प्रत्येक मुलाचे व मुलीचे १० लाख. एका साडीच्या बदल्यात आपण बहिणीकडून जे घेतो, ते एवढे असते! सात-बाऱ्यावर तिचे नाव चढलेले नाही, म्हणून हक्क संपला, असेही कुणी समजू नये. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही. आणि फसवून किंवा दडपण आणून घेतलेली सही न्यायालयात टिकेलच, अशा भ्रमातही कुणी राहू नये.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला, "तिच्या लग्नात वडिलांनी खर्च केला, दागिने घातले, तोच तिचा वाटा." याचे उत्तर त्याच कायद्याच्या ४९व्या कलमात आहे. बापाने हयातीत आपल्या अपत्याला पुढे आणण्यासाठी जे दिले, ते त्याच्या वारसाहक्काच्या वाट्यातून वजा करता येत नाही. आणि वजाच करायचे असेल, तर एकट्या बहिणीच्या दागिन्यांपाशी का थांबावे? भावाचे शिक्षण, आखातात जाण्यासाठी भरलेले पैसे, त्याच्या लग्नाचा मांडव, हेही त्याच वहीत लिहा.

दुसरा आक्षेप असा की, "आईबापांना आम्ही सांभाळले." सांभाळले असेल, आणि ती सेवा मोठी आहे, जरी ती पुष्कळदा भावापेक्षा भावजयीच्या हातून घडलेली असली तरी. पण आपला कायदा बापाला मृत्युपत्राने आपली मालमत्ता हवी त्याला देण्याची मोकळीक देतो. सेवेचे मोल वेगळे द्यावे असे त्या बापाला वाटले असते, तर तसा कागद त्याने केला असता. त्याने जे मृत्युपत्र केले नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर मुलग्यांनी करायचे नसते. सेवेचा मोबदला हवा असेल, तर तो बहिणींसमोर उघडपणे मागावा. सांगून मागितलेले त्या कदाचित आनंदाने देतील.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक. "हिशेब मागितलास तर माहेर तुटेल." घर नांदते असताना, "वास्तूचे तुकडे नकोत" या म्हणण्यात निदान काही तथ्य होते. पण येथे वास्तूच विकली जात आहे! उंबरठा परक्याचा होणार, विहीर परक्याची होणार. उरणार ती रोख रक्कम, आणि रोख रकमेचे वाटे पैशापर्यंत बिनचूक करता येतात. घर गेल्यावर बहिणीला माहेर म्हणून फक्त भाऊ उरतो. त्यानेच तिला अंधारात ठेवले, तर माहेर कुणी तोडले?

केरळमधील एका स्त्रीने ही गोष्ट न्यायालयात नेली. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील ख्रिस्ती कुटुंबांनाही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. जो हक्क तेथील भगिनींना झगडून मिळवावा लागला, तो आपल्या मुलींना आधीपासून होता. तो आपण कायद्याने काढून घेतला नाही. गोड बोलून काढून घेतला.

आपल्याला तर याहून जुना दाखलाही ठाऊक असायला हवा. गणना या ग्रंथात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून पित्याच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, असा निर्वाळा प्रत्यक्ष परमेश्वर देतो. हिशेब मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणण्यापूर्वी त्या पाच जणींची आठवण ठेवावी.

आणि आई? तिच्या एक तृतीयांशाचा तर उच्चारही होत नाही. तिची सही सर्वांत सोपी. मुलगा बोट ठेवील तेथे ती करते. मग घर विकले जाते आणि ती चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे अशी फिरत राहते. स्वतःच्या पैशावर जगू शकणारी बाई मुलांच्या दयेवर जगते. ज्या घरात तिने संसार केला, ते विकताना तिच्या डोक्यावरचे छप्पर आधी निश्चित करणे, हे पहिले कर्तव्य नव्हे काय?

तेव्हा घर विकायचे असेल त्यांनी तयारीचा क्रम बदलावा. दलालाला बोलावण्यापूर्वी आईला व सर्व भावंडांना एकत्र बसवावे आणि प्रत्येकाचा वाटा आकड्यांत सांगावा. हक्कसोडपत्राचा मसुदा निदान आठवडाभर आधी बहिणीच्या हाती द्यावा; तिने तो आपल्या विश्वासातल्या वकिलाला दाखवावा, आणि त्याचा राग भावाने मानू नये. आईची व बहिणींची रक्कम त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी. विवाहपूर्व शिबिरांत वारसा कायद्याचा एक तास ठेवावा, म्हणजे सासरी जाणाऱ्या मुलीला आपण माहेरी काय ठेवून चाललो आहोत, हे कळेल आणि तिच्या भावी पतीलाही आपल्या बहिणीची आठवण होईल.

एवढे सारे कळल्यावरही एखादी बहीण म्हणाली, "दादा, माझा वाटा तुझ्या मुलांना राहू दे," तर ते खरे दान. त्यापुढे आपण सर्वांनी मान लववावी. मात्र ते दान आहे, हे भावाने जन्मभर विसरू नये. न सांगता घेतलेल्या सहीला दान म्हणता येत नाही. तिला काय म्हणतात, हे सातवी आज्ञा पाठ असलेल्यांना वेगळे सांगायला नको.